गाडी माझी असेल, तर तिच्या चावीचा कोडही मलाच मिळाला पाहिजे

वीस वर्षांपूर्वीची वेगवान गाडी हौसेने सांभाळणाऱ्याला इंजिन, टर्बो किंवा गिअरबॉक्स यांच्यापेक्षा मोठा घोर लागतो तो चावीच्या रिमोटचा. इंजिनचे सुटे भाग आजही मिळतात, कारण तेच इंजिन थोड्याफार फरकाने अनेक गाड्यांमध्ये बसवले गेले होते. क्लच, ब्रेक, बुश यांना पर्यायी कंपन्यांचा माल आहे, आणि काहीच मिळाले नाही तर आपल्याकडचा लेथवाला एखादा भाग घडवूनही देतो. रिमोटचे तसे नाही. नुसती वस्तू हाती येऊन भागत नाही, गाडीने तिला ओळखावे लागते. आणि ही ओळख करून देण्याचा अधिकार आज व्यवहारात मालकाच्या हाती उरलेला नाही.

माझ्याकडे पहिल्या पिढीची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन आणि १५० अश्वशक्ती असलेली ही गाडी ज्या काळी भारतात आली, त्या काळी तिच्या तोडीची वेगवान सेदान या किमतीत क्वचितच होती. शिवाय ती आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली आहे, म्हणून माझा तिच्यावर जरा जास्तच जीव आहे. ज्या शहराने ऑक्टोबर २०१० मध्ये एकाच सामूहिक व्यवहारात १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि देशभर चर्चा घडवून आणली, त्या छत्रपती संभाजीनगरात चांगल्या गाड्यांचे वेड नवे नाही. त्या गाड्याही आता पंधरा वर्षांच्या झाल्या आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या मालकांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न उभा राहणार आहे. म्हणून हे लिखाण केवळ एका गाडीपुरते नाही.

पहिल्या मालकाकडून गाडी घेतली तेव्हा एक पूर्ण चावी मिळाली आणि दुसरीचे फक्त पाते. दुसरा रिमोट शोधू लागलो, तेव्हा लक्षात आले की बाजारात ‘चावी’ म्हणून जी एक वस्तू मागितली जाते ती मुळात तीन निरनिराळ्या वस्तूंची जोड आहे, आणि बहुतेक फसवणूक या तिन्हींची सरमिसळ झाल्यामुळे होते. पहिली वस्तू म्हणजे पाते. या गाड्यांचे पाते कारागिरांच्या भाषेत ‘एचयू ६६’ जातीचे असते. त्याच्या कडेला दाते नसून मधोमध नागमोडी खाच असते, त्यामुळे ते साध्या डुप्लिकेट चावीच्या यंत्रावर कापता येत नाही, त्याला निराळे यंत्र लागते. दुसरी वस्तू म्हणजे इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, चिप. तिला बॅटरी लागत नाही. चावी फिरवली की इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला ऊर्जा मिळते, ती आपली ओळख सांगते आणि ओळख पटली तरच इंजिन चालू राहते. तिसरी वस्तू म्हणजे प्रत्यक्ष रिमोट, म्हणजे बटणे, एक छोटे सर्किट आणि सीआर २०३२ सेल. हा दरवाजे उघडतो आणि बंद करतो, इंजिनशी त्याचा काहीही संबंध नाही.

शहागंजमधल्या एका वयस्कर चावीवाल्या चाचांनी हे मला एका वाक्यात समजावून दिले होते. ते म्हणाले, “साहेब, पातं मी आत्ता कापून देतो, पण चिप बोलली नाही तर गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडेल, मग मला बोलू नका.” इतके स्पष्ट उत्तर मला पुढे मोठ्या काचेच्या दालनांतही मिळाले नाही.

स्कोडा ज्यात मोडते त्या फोक्सवॅगन समूहाच्या त्या काळातल्या घडीच्या चावीत पाते असलेला अर्धा भाग आणि रिमोटचा अर्धा भाग एकमेकांपासून वेगळे होतात, आणि चिप असते ती पात्याच्या भागात. नवे कव्हर बसवून घेताना जुन्या कव्हरातली ही चिप, जी दाण्याएवढी असते, काढून नव्यात ठेवावी लागते. घाईत जुने कव्हर कचऱ्यात गेले तर चिपही जाते. कव्हर बदलायला देताना समोर उभे राहा आणि जुने प्लास्टिक घरी आणा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

रिमोट विकत घेण्याआधी जुना खरोखर मेला आहे का, हे तपासणे अत्यंत आवश्यक आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो, बंद गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून कितीतरी अधिक उष्णता असते, आणि तिथे ठेवलेल्या चावीचे रबरी बटण आधी चिकट होते आणि मग फाटते. त्यातून धूळ आत जाते. अनेकदा बिघाड एवढाच असतो की बटणाखालचा इवलासा स्विच झिजलेला असतो, किंवा त्याचे डाक सुटलेले असते, किंवा सेलच्या पत्र्यावर गंज चढलेला असतो. पैठण गेटजवळच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानांत सूक्ष्मदर्शकाखाली यापेक्षा कितीतरी नाजूक कामे रोज होतात. असा स्विच बदलणे त्या मुलांच्या हातचा मळ आहे. सेल नवा म्हणून घेतलेला असला तरी मल्टिमीटरवर तीन व्होल्ट दाखवतो का, हे पाहून घ्यावे. आणि गाडीपासून दूर असताना बटण पुष्कळ वेळा दाबले गेले असेल, तर रिमोट आणि गाडी यांच्या बदलत्या कोडचा मेळ चुकतो. अशा वेळी रिमोटचे बटण दाबून लगेच पात्याने दार उघडल्यावर तो मेळ पुन्हा जुळतो. मालकाच्या पुस्तिकेत ही कृती दिलेली असते, पण जुनी गाडी घेताना ती पुस्तिका मागून घेणारे फार थोडे.

एवढे करूनही रिमोट लागणारच असेल, तर मग क्रमांकाला चिकटून राहावे. या गाड्यांच्या रिमोटवर ‘१जे० ९५९ ७५३’ हा मूळ क्रमांक असतो आणि त्यापुढे एक-दोन अक्षरे असतात. सगळा अर्थ त्या अक्षरांत आहे. अमेरिकेतल्या गाड्यांसाठीचा ‘एएम’ अक्षरांचा रिमोट ३१५ मेगाहर्ट्झवर चालतो, तर युरोपीय धर्तीचे रिमोट ४३३-४३४ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात. भारतात अल्पशक्तीच्या उपकरणांसाठी ४३३-४३४ मेगाहर्ट्झचा पट्टा परवान्याविना खुला आहे आणि आपल्याकडच्या गाड्याही त्याच पट्ट्यातल्या आहेत. ऑनलाइन विक्रेते मात्र दोन्ही रिमोट एकाच छायाचित्राखाली विकतात, कारण बाहेरून ते जवळजवळ सारखेच दिसतात. चुकीच्या वारंवारतेचा रिमोट कितीही कौशल्याने जोडला तरी गाडी त्याला कधीही ऐकणार नाही. विक्रेत्याकडून मागच्या बाजूच्या क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र आल्याशिवाय पैसे पाठवू नयेत.

जुना, वापरलेला रिमोट घ्यावा का, असे मला अनेक जण विचारतात. रिमोटचा भाग घ्यायला हरकत नाही, कारण तो दुसऱ्या गाडीला पुन्हा जोडता येतो. दिल्लीच्या मायापुरीत किंवा मुंबईच्या कुर्ल्यात मोडीत निघालेल्या गाड्यांचे असे रिमोट शोधल्यास सापडतात. चिप मात्र वापरलेली घेऊ नये. तिसऱ्या पिढीच्या इमोबिलायझरमध्ये चिप एकदा एका गाडीशी जोडली गेली की ती दुसऱ्या गाडीला चालत नाही. नंतरच्या गाड्यांत तर कोरी चिपसुद्धा कंपनीनुसार आधीच निराळी केलेली असते. चावीवाल्यांच्या भाषेत स्कोडाची ‘टीपी २४’, फोक्सवॅगनची ‘टीपी २३’. एकच समूह असला तरी एकीची चिप दुसरीला चालत नाही. ज्यांना मूळ रिमोट मिळतच नाही, त्यांच्यासाठी की-डीआयवाय आणि एक्सहॉर्स या चिनी कंपन्यांचे सार्वत्रिक रिमोट आहेत. जाणकार कारागीर आपल्या यंत्रावरून त्यांत गाडीनुरूप प्रणाली भरतो. हातात घेतल्यावर मूळ चावीचा भरीवपणा त्यांत जाणवत नाही, पण काम ते चोख करतात आणि मी त्यांना दुय्यम मानत नाही.

मूळ रिमोट अधिक सुरक्षित असतो, ही समजूतही तपासून पाहायला हवी. या समूहाच्या चाव्यांत वापरल्या जाणाऱ्या मेगामोस क्रिप्टो चिपमधील त्रुटी संशोधकांनी शोधल्या, तेव्हा २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाच्या मनाई हुकमामुळे तो शोधनिबंध अडकला आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधनाने दाखवले की या समूहाच्या १९९५ पासूनच्या कोट्यवधी गाड्यांचे रिमोट मोजक्याच सामाईक गुप्त सांकेतिक किल्ल्यांवर अवलंबून होते. माहिती दडवल्याने चोर थांबत नाहीत. ज्याच्याजवळ कौशल्य आणि वाईट हेतू आहे तो मार्ग काढतोच, आणि ज्याच्याजवळ आरसी बुक आहे तो प्रामाणिक मालक मात्र दारोदार फिरत राहतो.

इथेच माझा मूळ मुद्दा येतो. नवी चिप गाडीला जोडण्यासाठी एक गुप्त कोड लागतो. जुन्या पद्धतीत तो केवळ चार अंकी असतो. गाडी माझ्या नावावर आहे, तिचा विमा मी भरतो, आणि वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क केंद्र सरकारने २०२५ मध्ये १०,००० रुपये केले, तेही मलाच भरायचे आहे. जुनी गाडी रस्त्यावर ठेवण्याची पूर्ण किंमत मालकाकडून घेतली जाते, पण तिला कुलूप लावण्याचे चार अंक मात्र त्याला मिळण्याची खात्री नाही. हे मला मूलतः अन्यायकारक वाटते.

हा प्रश्न आपल्या देशात उपस्थित झालेला नाही असेही नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, तो याच कारणासाठी, की सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने दिली जात नव्हती. पुढे अपिले झाली आणि दंडाच्या रकमांवर वाद चालला, परंतु आयोगाने मांडलेला विचार आजही तितकाच योग्य आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्टल सुरू केले आणि त्यात वाहन क्षेत्राचा समावेश केला. त्या आराखड्यात चावी आणि इमोबिलायझर यांच्या कोडचा स्पष्ट उल्लेख व्हायला हवा, असे माझे म्हणणे आहे.

कोड सर्वांना खुला करा असे मी म्हणत नाही. अमेरिकेत नास्टफ या संस्थेकडे नोंदणी झालेल्या, पार्श्वभूमी तपासलेल्या चावी-कारागिरांना असे कोड रीतसर मिळतात आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद राहते. युरोपात अलीकडे सर्मी नावाची तशीच व्यवस्था लागू झाली आहे. आपल्याकडेही आरसी, ओळखपत्र आणि चावी हरवली असल्यास पोलीस ठाण्यातील नोंद, एवढ्या कागदांवर नोंदणीकृत कारागिराला कोड मिळू शकतो. बीड, परभणी, हिंगोली किंवा धाराशिवच्या मालकाला एका चावीसाठी गाडी ट्रकवर घालून पुण्याला पाठवावी लागू नये. आयटीआयच्या वाहन अभ्यासक्रमात इमोबिलायझरचे प्रात्यक्षिक नीट शिकवले गेले, तर प्रत्येक जिल्ह्यात दोन-चार भरवशाचे कारागीर उभे राहतील, आणि शहागंजच्या चाचांसारख्या अनुभवी माणसांनाही आडमार्गाची यंत्रे वापरण्याची गरज राहणार नाही.

एक गोष्ट मला मनापासून खटकते. वाळूज आणि चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींत प्लास्टिक मोल्डिंगची आणि डाय बनवणारी असंख्य युनिट आहेत, मराठवाडा ऑटो क्लस्टरसारखी सोय आहे, जगभरच्या कंपन्यांना लागणारे भाग इथून जातात, आणि तरीही इथेच जुळवलेल्या गाडीच्या चावीचे कव्हर आपण चीनहून मागवतो. जुन्या गाड्यांच्या चाव्यांची कव्हरे आणि रबरी बटणे, आपल्या उन्हाला टिकतील अशा दर्जाची, लहान प्रमाणात बनवणे एखाद्या तरुण उद्योजकाला नक्की जमेल. एकट्या मराठवाड्यात मागणी थोडी असेल, पण देशभरात या गाड्या हौसेने सांभाळणारे विखुरलेले आहेत आणि चांगल्या वस्तूचे योग्य मोल द्यायला ते तयार असतात.

तोपर्यंत जुनी गाडी घेणाऱ्यांनी व्यवहार पूर्ण करण्याआधी दोन्ही चाव्या, पुस्तिका आणि असल्यास कोडची चिठ्ठी मागून घ्यावी. गाडीची तपासणी करणारे यंत्र लावून किती चाव्या जोडलेल्या आहेत तेही पाहावे, कारण तुमच्या हातात एक आणि यंत्रात तीन दिसत असतील तर उरलेल्या दोन कोणाकडे आहेत, हा प्रश्न गंभीर आहे. अशा वेळी सर्व चाव्या नव्याने जोडून घ्याव्यात, म्हणजे जुन्यांनी इंजिन सुरू होणार नाही. जोडणीच्या वेळी आपल्याकडच्या सगळ्या चाव्या सोबत न्याव्यात, कारण त्या वेळी हजर नसलेली चावी बाद होते. आणि एक चावी चालू आहे तोवरच दुसरी करून घ्यावी. शेवटची चावी हरवल्यावर हेच काम कितीतरी पटींनी अवघड आणि महाग होते.

ग्राहक व्यवहार विभागाला पाठवायच्या निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतल्या ज्या मालकांना आणि चावी-कारागिरांना त्यावर सही करायची आहे, त्यांनी मला संदेश पाठवावा. कारागिरांच्या नोंदणीचा मुद्दा त्यात सविस्तर मांडला आहे, आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी तो वाचून त्यात काय कमी पडते आहे ते सांगावे, अशी माझी विनंती आहे.