चहा-बिस्किटांचा हिशोब

‘एक वाचक’ यांस,

सोलापुरातल्या बिडी कामगार वस्तीत आम्ही चालवतो त्या हिशोबाच्या वर्गाबद्दल मी गेल्या महिन्यात लिहिलं, त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. बाकीच्यांनी ‘छान’, ‘स्तुत्य उपक्रम’ असं लिहिलं, त्यांचे आभार मानून मी मोकळी झाले. तुम्हाला उत्तर देऊ नकोस, असं घरचे म्हणाले. दोन दिवस नाही दिलं. तिसऱ्या दिवशी मेथी निवडताना तुमचं ते वाक्य परत आठवलं आणि निम्मी मेथी तशीच टाकून लिहायला बसले.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: या बायकांचा प्रश्न कमाईचा आहे, अकलेचा नाही, अशा वर्गांचा उपयोग होत नाही हे संशोधनाने दाखवलंय, मी बँकेची दलाली करते, आणि माझ्या लेखात विम्याचा आकडा चुकलाय. यापैकी शेवटचं खरं आहे.

ते आधी कबूल करते, म्हणजे पुढे बोलायला मोकळी. प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता मी ३३० रुपये लिहिला होता. १ जून २०२२ पासून तो ४३६ आहे. जुन्या टिपणातून उतरवताना राहून गेलं. अपघात विम्याचा हप्ता त्याच दिवशी १२ चा २० झाला, तो मात्र मी बरोबर लिहिला होता, हे तुमच्या नजरेतून सुटलं असावं. लेख दुरुस्त केलाय. वर्गात असली चूक टिकत नाही, कारण तिथे पासबुकं उघडी असतात. मे महिन्याच्या शेवटी ४३६ ची ओळ दिसली की कुणीतरी विचारतंच, “अक्का, हे कुणी काढले?” आणि त्या आठवड्यात खात्यात तेवढे पैसे नसले तर विमा बंद पडतो, हेही तेव्हाच कळतं.

आता ते वाक्य. “ज्या बाईच्या हातात महिनाअखेर वीस रुपये उरत नाहीत, तिला चहा-बिस्किट देऊन बचतीचं प्रवचन ऐकवणं हा एसीत आयुष्य गेलेल्या निवृत्त बँकवाल्यांचा छंद आहे.”

तुमची भाषा चांगली आहे. ती अशा कामी लागावी याचं वाईट वाटतं.

बिस्किटांपासून सुरुवात करू. बिस्किटं आम्ही देत नाही. चहा असतो, तो वर्गणीचा. महिन्याला दहा रुपये, ज्यांना जमेल त्यांनी. साखर-पत्ती-दुधाचा हिशोब फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेला असतो आणि तो बायकाच ठेवतात. एकदा साडेचार रुपये कमी आले तर त्या दिवशी दुसरं काही झालंच नाही. कुणाच्या दुधाचे पैसे दोनदा लिहिले गेलेत हे सापडेपर्यंत मला फळ्याजवळ फिरकू दिलं नाही. चहा पाजून माणसं गोळा करायला ही काही निवडणूक नाही.

प्रवचन म्हणालात. प्रवचनाला लोक हात जोडून बसतात. आमच्याकडे हात रिकामा कुणाचाच नसतो. समाजमंदिराच्या फरशीवर बायका मांडीत सूप घेऊन बसतात. सुपात कापलेली पानं, तंबाखू, दोरा. मी बोलत असते आणि त्यांची बोटं चाललेली असतात, कारण दर हजार बिड्यांवर मजुरी, त्यामुळे दोन तास हात थांबला तर तेवढी मजुरी बुडते. निम्म्या जणी घरी तेलुगू बोलतात. मी फार पाल्हाळ लावलं की मागच्या रांगेत तेलुगूत काहीतरी बोलून हसतात, आणि मला समजतं की मुद्द्यावर यायला हवं. एकदा तरी येऊन बघा आणि मग सांगा, कोण कुणाला ऐकवतं ते.

गेल्या आषाढातली गोष्ट सांगते. एका बाईला घरावर पत्रे घालायचे होते. ओळखीतला एक फायनान्सवाला ३०,००० द्यायला तयार होता, महिन्याला ‘फक्त शेकडा एक’, दोन वर्षं. बारा टक्के म्हणजे स्वस्तच की, असं सगळ्यांना वाटलं. खरं सांगायचं तर पदवीवाल्यांनाही वाटतं. मी तीस चिंचोके मांडले. एक चिंचोका म्हणजे हजार रुपये. व्याज ७,२०० धरून एकूण ३७,२००, महिन्याला १,५५० चा हप्ता. दर महिन्याला फेडलेल्या मुद्दलाइतका ढीग कमी करत गेले आणि विचारलं, आता तुमच्याकडे त्याचे किती राहिले? वर्षभराने पंधरा. आणि व्याज कितीवर चाललंय? तीसवर. शेवटच्या महिन्यात सव्वाच चिंचोका उरला, तरी व्याज तीसवरच. सूप बाजूला ठेवून एक जण म्हणाली, “म्हणजे अर्धी खोली सोडली तरी भाडं पुऱ्या खोलीचं.” मी बँकेत तेहतीस वर्षं काढली, पुऱ्या मुद्दलावरचं व्याज आणि घटत्या शिलकीवरचं व्याज यांतला फरक इतक्या कमी शब्दांत कुणी सांगितलेला मला आठवत नाही. घटत्या शिलकीवर मांडलं तर ते ‘शेकडा एक’ वर्षाला साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातं.

तुम्ही विचाराल, मग पुढे काय झालं? त्या बाईने फायनान्सवाल्याला विचारलं, व्याज उरलेल्या पैशावर का नाही? तो म्हणाला, सगळ्यांना असंच असतं. तिने कर्ज घेतलं. पण १५,००० च, आणि एकाच वर्षाचं. व्याज ७,२०० ऐवजी १,८००. पावसाळ्यात तिच्या अर्ध्या घरावर नवे पत्रे होते आणि अर्ध्यावर जुने. याला तुम्ही यश म्हणा, अपयश म्हणा. प्रवचन म्हणू नका.

आणि एसी. आमच्या शाखेत एसी आला तेव्हा माझ्या निवृत्तीला चार वर्षं उरली होती, आणि तो मॅनेजरच्या केबिनमध्ये होता. मी काउंटरला होते. पण तुमचा रोख यंत्रावर नाही, माझ्यावर आहे. गरिबी हिने कुठे पाहिली असणार, असं तुम्हाला म्हणायचंय. तर ऐका. हे मी सहसा सांगत नाही.

माझे वडील गिरणीत बदली कामगार होते. सकाळी फाटकाशी उभं राहायचं, नाव पुकारलं तर काम, नाही तर परत. आईने एका आजारपणात गल्लीतल्या सावकाराकडून २०० रुपये घेतले, महिन्याला शेकडा दहा. दरमहा २० रुपये व्याज. मुद्दल एकरकमी दिलं तरच घेणार, ही त्याची अट. आई सात वर्षं २० रुपये देत राहिली. सात वर्षांत १,६८० रुपये गेले आणि २०० जिथल्या तिथे. शेवटी तिने पाटल्या मोडल्या. चुलीमागच्या भिंतीवर ती दर महिन्याला कोळशाने एक रेघ ओढायची. चौऱ्याऐंशी रेघा. दिवाळीला भिंत सारवली तरी ती तेवढा तुकडा सोडून सारवायची. मी त्या रेघांवर मोजायला शिकले. तेव्हा कुणी येऊन सांगितलं असतं की पाच-पाच रुपये वेगळे टाक, साडेतीन वर्षांत मुद्दल हातात येईल, तर?

हो, मला दिसतंय तुम्ही काय म्हणणार ते. आईला हिशोब येत होताच. पाच रुपये नव्हते. म्हणा. पण ते तुम्ही म्हणायचं नाही. त्या भिंतीसमोर तुम्ही बसला नव्हता.

टक्केवारी या बायकांना काय कळणार, असंही एका ओळीत लिहून गेलात. कमाईची बाजू घेता घेता अक्कल काढलीत, हे लिहिताना लक्षात आलं नसेल. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात म्हसवड आहे. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्यासोबत तिथल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं, तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण प्रवर्तकांमध्ये निरक्षर बायका होत्या. त्या शिकल्या, परत गेल्या, आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेवरचं व्याज विचारा, तुमच्या माणसांनीही कॅल्क्युलेटरशिवाय करून दाखवावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हे मी वर्गात दर वेळी सांगते, त्यामुळे आता मी ‘म्हसवड’ म्हटलं की बायकाच पुढचं पुरं करतात.

आता संशोधन. आर्थिक शिक्षणावरच्या अनेक अभ्यासांचा २०१४ मध्ये जो मोठा आढावा निघाला, त्याचा तुम्ही दाखला दिलात. लोकांच्या आर्थिक वागण्यातला जो फरक असतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का अशा शिक्षणाने समजावता येतो आणि शिकलेलं वीसेक महिन्यांत विरून जातं, असं त्यात आहे. वाचलंय मी. त्याच लेखकांनी पुढे असंही म्हटलंय की निर्णयाच्या ऐन वेळी दिलेली माहिती उपयोगी पडू शकते; ते तुम्ही गाळलंत. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या छोट्या धंदेवाल्यांना रीतसर हिशोबशास्त्र शिकवून फारसा फरक पडला नाही, पण धंद्याचा पैसा आणि घरचा पैसा वेगळा ठेवा, असे साधे ठोकताळे दिल्यावर पडला, हाही प्रयोग आहे. आमच्या बायका याला ‘दोन डबे’ म्हणतात आणि त्यांनी तो पेपर वाचलेला नाही. दाखल्यावर दाखले देत बसलो तर दोघांचाही वेळ जाईल. पुन्हा कधीतरी.

कमाईचा मुद्दा. मजुरी वाढली पाहिजे. कोण नाही म्हणतंय? आयुष्यभर बिड्या वळून प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन किती, तर महिन्याला किमान १,०००. सप्टेंबर २०१४ पासूनचा आकडा. तो वाढवणं माझ्या हातात असतं तर हा ब्लॉग लिहीत बसले नसते. माझ्या हातात आहे ते एवढंच, की कारखान्याच्या रजिस्टरात माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, म्हणून अडकलेला पैसा सोडवायचा अर्ज लिहून देणं. किंवा कर्जाचा फॉर्म सही करण्याआधी वाचून घ्यायला लावणं. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार मायक्रोफायनान्सचं, म्हणजे बिनतारण छोटं कर्ज घेणाऱ्या घराचे सगळे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नयेत. नियम चांगला आहे. एका बाईच्या फॉर्मवर एजंटाने घरचं वर्षाचं उत्पन्न २,९०,००० लिहिलं होतं. तिने ते मोठ्याने वाचलं तेव्हा सगळा वर्ग हसला, ती सोडून.

बँकेच्या दलालीबद्दल एकच सांगते. मी पोस्टाचं आवर्ती खातंही सांगते, पोस्ट मला कमिशन देत नाही. पतसंस्थेत टक्काभर जास्त मिळतो हे तुमचं खरं आहे, पण बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. बुडालेल्या पतसंस्थेच्या बंद शटरसमोर पावती हातात धरून उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. तुम्ही त्या रांगेत असता तर टक्काभराची गोष्ट काढली नसती.

तुमची प्रतिक्रिया मी मागच्या रविवारी वर्गात वाचून दाखवली. योग्य होतं की नाही माहीत नाही. राग होता, वाचली. महिनाअखेर वीस रुपये उरत नाहीत, या ओळीवर पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “बरोबर बोलला की तो.” मग थोड्या वेळाने, पान कापता कापता, “पण त्याला कसं कळलं? कोण आहे तो?” मी म्हटलं, नाव नाही लिहिलेलं. त्यावर ती काही बोलली नाही.

तर नाव लिहा. माझं नाव, गाव, वर्गाचा दिवस, सगळं या ब्लॉगवर आहे. रविवारी दुपारी चार वाजता या. दहा रुपये सुट्टे आणा.

ता. क. – ‘छंद’ या शब्दाबद्दल लिहायचं राहिलं. राहू दे. मेथी सुकली आहे.