नंबरी सल्ला

टेक्सासात घर बघताय, मूल सहावी-सातवीत आहे आणि डोळा ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासवर आहे? मग एक करा, चांगली शाळा शोधू नका. ती चूक आम्ही करून बसलोय. दहापैकी दहा रेटिंगच्या शाळेची हद्द हवी म्हणून घराला ऐपतीबाहेर पैसे मोजले, वास्तुशांतीला पुरणपोळ्या केल्या, आणि मग कळलं की अख्ख्या गल्लीने हेच केलंय. हुशार पोरांच्या संगतीत आपलं पोर हुशार होतं, खरंय. पण ती हुशार पोरं परीक्षेलाही बसतात हो!

कायदा तसा भल्या हेतूने केलेला. १९९६ मध्ये हॉपवुड खटल्याचा निकाल लागला आणि प्रवेश देताना वंश बघायची टेक्सासच्या विद्यापीठांना बंदी झाली. १९९७ मध्ये विधिमंडळाने त्यावर तोड काढली: राज्यातल्या कुठल्याही हायस्कूलात पहिल्या दहा टक्क्यांत या, सरकारी विद्यापीठात जागा पक्की. ह्यूस्टनची श्रीमंत शाळा असो की कापसाच्या रानातलं खेडं, माप एकच. ऑस्टिनला इतकी झुंबड उडाली की २००९ मध्ये कायद्याला मुरड घालावी लागली. राज्यातल्या मुलांच्या पंचाहत्तर टक्के जागाच आता अशा आपोआप भरतात, आणि त्या पुरवायच्या म्हणून टक्का उतरत उतरत सहावर आला. २०२६ च्या प्रवेशापासून पाच.

तेव्हा घर दाखवणाऱ्या एजंटला किचन किती मोठं हे विचारू नका, वर्ग किती हुशार ते विचारा. आणि उत्तर ‘अतिशय’ असं आलं तर तिथून निघा. लांबच्या गावात वीस मुलांचा वर्ग गाठा. पाच टक्के म्हणजे तिथे एक मूल, ते आपलं असलं की झालं. कढीपत्त्यासाठी दोन तास गाडी हाणावी लागेल, हाणा. हसू नका, नंबरासाठी मुलाला कमी चुरशीच्या शाळेत घालणारी कुटुंबं खरोखरच आहेत, अर्थतज्ज्ञांनी त्यावर शोधनिबंध लिहिलेत. शिवाय शाळेत थेट पहिला आला तर सरकारी विद्यापीठात पहिल्या वर्षाची ट्यूशन माफ. पोहे-बटाटेवड्याचा खर्च तेवढ्यात निघेल.

घर आधीच घेऊन बसला असाल तर निदान व्हायोलिन विका. नंबर लागतो गुणांच्या सरासरीवर. आमच्याकडे साध्या विषयातल्या ‘ए’ला चार गुण, एपीच्या, म्हणजे कॉलेजच्या पातळीच्या विषयातल्या ‘ए’ला पाच. आमच्या लेकीने अकरावीत सहा एपी आणि ऑर्केस्ट्रा घेतला. सातही विषयांत ‘ए’. चौतीस भागिले सात, सरासरी ४.८६. शेजारच्या मुलाने तेच सहा एपी घेतले आणि सातवा तास ऑफ ठेवला. तो त्या तासाला गाडीत सीट मागे करून झोपायचा. तीस भागिले सहा, पाच पूर्णांक. झोपेला गुण नाहीत, म्हणून तोटाही नाही. बँड, चित्रकला, नाटक, सगळ्यांचं हेच. मुलाला कसली आवड दिसलीच तर वेळीच डॉक्टरांना दाखवा.

विकलेलं व्हायोलिन वायाही जात नाही. जे टक्क्यात बसत नाहीत त्यांचे निबंध वाचले जातात, आणि त्यांत विद्यापीठाला मुलाच्या अंतरीची ओढ बघायची असते. तेव्हा व्हायोलिनवर साडेपाचशे शब्द लिहायला लावा.

हार्वर्डचं विचारू नका. तिथे पहिल्या वर्षाला दोन हजारही जागा नाहीत आणि देशात हायस्कुलं वीस हजारांच्या वर. नुसते पहिले आलेले उभे केले तरी रांग बॉस्टनबाहेर जाईल.

आणि हो, पाच टक्क्यांत आलात म्हणून लगेच पेढे वाटू नका. कायदा जागा देतो ती विद्यापीठात, कॉम्प्युटर सायन्समध्ये नाही. त्याची छाननी वेगळी. मूल इतिहासाला लागलं तर पुण्याला फोनवर नुसतं ‘ऑस्टिनला मिळालं’ एवढंच सांगावं.

आमची लेक अकराशे चाळीसांत एकसष्टावी आली. सहा टक्क्यांच्या नियमाने अडुसष्टपर्यंत चाललं असतं, पाचच्या नियमाने सत्तावन्नाला दार बंद. म्हणजे चार मुलं आडवी आली. त्यातल्या दोघांच्या आया गणपतीच्या ढोलपथकात माझ्या बायकोच्या डाव्या-उजव्या हाताला असतात. यंदा तिचा टोल जरा जास्तच जोरात पडतोय, असं पथकप्रमुख म्हणाले.

रविवारी आईचा साताऱ्याहून व्हिडिओ कॉल आला.

“कितवी आली गं?”

“एकसष्टावी, आजी.”

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “असू दे. आमच्या वर्गात सदतीस मुली होत्या, मी कायम तिसरी यायचे.”

लेकीने फोन मांडीवर पालथा घातला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “बाबा, आठ टक्के. आजीलाही नसतं मिळालं.”