वेगळं कपाट

साहित्य संमेलन जवळ आलं की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. नगरला राहणारा माझा भाचा म्हणतो, मराठी ख्रिस्ती साहित्याला वेगळं दालन हवं, विद्यापीठात वेगळा पेपर हवा, पुरस्कारही वेगळे हवेत. एरवी आपल्याला विचारतं कोण? मग तो माझ्याकडे वळतो. "मावशी, तूच सांग यांना. तिकडे ख्रिस्ती कादंबरीला केवढा मान आहे!"

तिकडे म्हणजे मिशिगनमधलं ग्रँड रॅपिड्स. मी एकोणीस वर्षं इथे राहते, मराठीत कादंबऱ्या लिहिते, आणि रविवारी उपासनेला जाते. डच लोकांच्या मंडळ्यांनी, म्हणजे चर्चच्या समुदायांनी, या शहराला वळण लावलं आणि ती माणसं वाचणारी होती. एर्डमन्स ही प्रकाशन संस्था इथे १९११ मध्ये निघाली, बेकर १९३९ मध्ये. झोंडरवन १९३१ मध्ये जवळच्याच गावात एका शेतघरात सुरू झाली आणि १९८८ मध्ये हार्परकॉलिन्सने ती विकत घेतली. भाच्याचं म्हणणं खोटं नाही. इथल्या पुस्तकांच्या दुकानात 'ख्रिश्चन फिक्शन' अशी पाटी लावलेलं कपाट असतंच. त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर पांढरी टोपी घातलेली, आमिश या साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथातली मुलगी असते. आत शिवी नाही, शय्या नाही, आणि शेवटी कोणीतरी देवाकडे परत येतं. मी या पुस्तकांना नावं ठेवणार नाही. आईच्या आजारपणात रात्र रात्र जागताना मला त्यांचा आधार झाला होता.

पण त्या कपाटापाशी मी पुष्कळदा उभी राहिले आहे. तिथे ठरलेली माणसंच येतात. ज्याला देवाचा राग आला आहे, ज्याला देवाशी काही घेणंदेणं नाही, किंवा ज्याचा देव दुसरा आहे, तो पाटी वाचतो आणि वळसा घालून पुढे जातो. फॅमिली ख्रिश्चन नावाची दुकानांची मोठी साखळी होती, मुख्यालय याच शहरात. २०१७ मध्ये त्यांनी आपली सुमारे २४० दुकानं बंद केली. शेवटच्या आठवड्यात मी एका दुकानात गेले होते. पुस्तकं जवळजवळ संपली होती आणि रिकाम्या कपाटांवर किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. एक गृहस्थ टेप घेऊन कपाटाची उंची मोजत होते. त्यांना ते गॅरेजमध्ये ठेवायचं होतं.

माझ्या दुसऱ्या कादंबरीत नगरची एक आजी आहे. ती दर रविवारी पहिल्या बाकावर बसून 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली गीतं तोंडपाठ म्हणते. त्र्यंबकेश्वरहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून जाते, तेव्हा हीच आजी दारात पिंप भरून ठेवते, वारकऱ्यांना पाणी देते आणि त्यांचा अभंग त्यांच्याबरोबर गुणगुणते. त्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर मी इथल्या एका ख्रिस्ती प्रकाशनाकडे पाठवलं. उत्तर आलं की हा प्रसंग काढा, नाहीतर शेवटच्या प्रकरणात आजीला आपली चूक उमगू दे. मूळ मराठी हस्तलिखित त्याच सुमारास गावाकडच्या एका प्रकाशकांकडे होतं. त्यांचा फोन आला. "बाई, छान आहे, पण हे घर कुणाचंही वाटतं. जरा चर्च, नाताळ, केक वाढवा ना."

मला त्या दिवशी रडू आलं. एकाला आजी पुरेशी ख्रिस्ती वाटली नव्हती आणि दुसऱ्याला तिचं घर. दोघांनाही पाटी हवी होती. आजी कोणाला दिसलीच नाही. मी तिच्यातली एक ओळही बदलली नाही. मी लिहायला बसण्याआधी प्रार्थना करते, रोज. पण प्रार्थनेत जे मागते ते माझ्या पात्रांकडून जबरदस्तीने करून घेत नाही. देवाने माणसाला मोकळं सोडलं आहे, तर त्यांना कोंडणारी मी कोण?

म्हणून मी भाच्याला विचारलं, तुझ्या दालनात 'यमुनापर्यटन' कुठे ठेवशील? ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी ते १८५७ मध्ये लिहिलं. मराठी कादंबरीची सुरुवात तिथून धरतात. धर्मोपदेशाची पानं त्यात आहेत, ती मलाही जड जातात. पण विधवांचं केशवपन, त्यांचे हाल, घराघरातली त्यांची कोंडी हे सगळं त्याच पुस्तकात आहे. ते दुःख ख्रिस्ती होतं का? पुस्तक वेगळ्या दालनात गेलं तर मराठी कादंबरी जिथून सुरू झाली तीच खोली आपण आपल्या हाताने कुलूपबंद करू.

भाच्याचा राग कुठून आला ते मला ठाऊक आहे. २०२० मधल्या उस्मानाबादच्या संमेलनासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. वसईच्या या माणसाने किती वर्षं 'सुवार्ता' मासिक चालवलं, 'सुबोध बायबल' किती गोड मराठीत आणलं, साहित्य अकादमीनेही त्याची दखल घेतली. विरोध करणाऱ्यांनी झगा पाहिला, पुस्तकं पाहिली नाहीत. मला इथे बसून झोप आली नव्हती. पण वेगळं दालन मागणं म्हणजे त्यांचंच म्हणणं मान्य करणं आहे, की हे लोक आपल्यातले नव्हेत. मला ते मान्य नाही. कधीच होणार नाही.

"मग आपली पुस्तकं वाचणार कोण?" हा भाच्याचा पुढचा प्रश्न. तो मात्र खरा आहे. लोक माझ्याकडे याद्या मागतात, मंडळीतल्या तरुणांसाठी, मुलींसाठी. मी याद्या देत नाही. समोरचं माणूस कशाने जागं आहे ते विचारते आणि एकच पुस्तक देते.

दोन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला नांदेडकडच्या एक बाई भेटल्या. यजमान सहा महिन्यांपूर्वी गेले होते. म्हणाल्या, "वाचायला काहीतरी द्या ताई, पण देवाधर्माचं नको." मी त्यांना 'स्मृतिचित्रे' दिलं. देताना हात जरा कचरला, कारण लक्ष्मीबाई टिळकांच्या त्या पुस्तकात देव तर पानोपानी आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, नवरा-बायकोची ताटातूट झाली आणि लक्ष्मीबाईंची ती वर्षं कशी गेली, ते सगळं त्यात आलं आहे. एका रात्री अकराला बाईंचा फोन. "ताई, ही बाई नवऱ्यावर केवढी चिडते हो! आणि लपवत नाही." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. "मी पण चिडलेय यांच्यावर. असं मधेच कुणी जातं का?" सहा महिन्यांत हे त्या पहिल्यांदाच कोणाजवळ बोलत होत्या. पुस्तक अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागितलेलं नाही.

हे सगळं भाच्याला सांगितलं आणि म्हटलं, तू दालन मागण्याआधी ऑफिसातला एक माणूस निवड. तो बरेच दिवस गप्प होता. गेल्या आठवड्यात त्याचा मेसेज आला. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला त्याने माझीच कादंबरी दिली होती. मित्राने दुसऱ्या दिवशी विचारलं, 'पाळक' म्हणजे काय रे, गुरं पाळणारा? पाळक म्हणजे चर्चचा धर्मगुरू, हे भाच्याने जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बसून त्याला समजावलं, मेंढपाळापासून. डबा तसाच राहिला म्हणे.