कंपनी बदलली म्हणून चेहरा उजळत नाही

लग्नसराई जवळ आली की फोटोग्राफर मंडळींत तोच दावा फिरू लागतो: ‘सोनीच्या कॅमेऱ्यात चेहरे हिरवट येतात, निकॉनमध्ये पिवळट. कॅनन घ्या, पोर्ट्रेट आपोआप सुधारतील.’ हे ऐकून रत्नागिरी-मालवणकडची पोरं चांगली चाललेली कॅमेऱ्याची बॉडी लेन्ससकट पडेल भावात विकायला निघतात.

आधी रंगाचं बोलू. निकॉनच्या बऱ्याच बॉडींमधला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, सोनीच बनवते. तरी एक पिवळट आणि दुसरी हिरवट? कंपनीगणिक रंग बदलतो हे खरं, पण तो मुख्यतः कॅमेऱ्याने शिजवून दिलेल्या जेपीईजीत, म्हणजे तयार फोटोत. रॉ, म्हणजे न शिजवलेली कच्ची फाइल, काढलंत तर व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग सावरणं) आणि प्रोफाइल (रंगांची ठेवण) नंतर संगणकावर ठरतं, आणि उरलेला फरक किरकोळ असतो. हिरवट चेहऱ्याचं म्हणाल, तर नवरीला उभं कुठे केलं होतं ते बघा. पोफळीच्या बागेत ऊन झावळ्यांतून गाळून येतं, खालच्या गवतावरून परत उसळतं. हनुवटीखाली आणि गळ्यावर हिरवी झाक येणारच, हातात कुठलाही कॅमेरा असो. तिलाच उन्हातल्या जांभ्याच्या गडग्यापाशी नेलंत की एक गाल तांबूस. एकाच चेहऱ्यावर दोन रंगांचा उजेड पडला की ऑटो व्हाइट बॅलन्स गोंधळतो. एक बाजू सुधारावी तर दुसरी बिघडते. त्यापेक्षा तिला पडवीच्या कडेला, मोकळ्या आभाळाकडे तोंड करून बसवा. तिथला उजेड थोडा निळसर असतो, पण सगळ्या चेहऱ्यावर सारखा, त्यामुळे एका फटक्यात दुरुस्त होतो. खालून पांढरी थर्माकोलची शीट धरली की डोळ्यांखालची काळोखीही जाते.

दुसरा दावा: ‘कॅननचा ब्लर, म्हणजे माणसामागचा धूसरपणा, वेगळाच असतो.’ ब्लर ठरतो अ‍ॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं), फोकल लेंग्थ (लेन्स किती जवळ ओढते) आणि अंतरांवर: तुमच्यापासून माणूस किती जवळ, माणसापासून मागची झाडं किती लांब. ५० मिमी एफ १.८ ही मोठ्या तोंडाची लेन्स तिन्ही कंपन्यांकडे आहे.

डोळ्यावरच्या फोकसचं मात्र मान्य. जुन्या डीएसएलआरवर, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर, एफ १.८ ला फोकस पापणीऐवजी कानावर जायचा. बिनआरशाचा नवा मिररलेस डोळा धरून ठेवतो. पण हा फरक पिढीचा आहे, कंपनीचा नाही. तिघांच्याही आजच्या मिररलेसमध्ये ही सोय आहे.

आणि भर दुपारी बारा वाजता गणपतीपुळ्याच्या वाळूत जोडप्याला उभं करून खोबणीत काळे पडलेले डोळे कॅननच्या नावावर उजळणार असतील, तर बोलणंच खुंटलं. आपल्याकडे सूर्य समुद्रात बुडतो, म्हणजे संध्याकाळी समुद्र मागे घेतला की चेहरा अंधारात जातो. तिथे फ्लॅश किंवा रिफ्लेक्टर लागतोच. खाऱ्या, दमट हवेत लेन्सला धरणारी बुरशीही कंपनी बघून येत नाही.

तरीही बदलायचाच असेल, तर नवा कॅमेरा आधी एक दिवस भाड्याने आणा. त्याच अंगणात, त्याच माणसावर, त्याच वेळी, सारख्याच लेन्सने जुना-नवा दोन्ही रॉमध्ये चालवा, आणि कुठला फोटो कशातला हे न सांगता घरच्यांना निवडायला लावा.