तणनाशकानं जमिनीतलं बी मरत नाही, भाऊ

यावल-चोपड्याकडच्या शेतकरी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "सलग तीन वर्षं ग्लायफोसेट मारा. जमिनीतलं तणाचं सगळं बी जळून जातं, निंदणीचा खर्च संपतो. तण तरी आलं तर डोस वाढवा. नांगरटही नको." हे वाचून लोक पंप भरायला निघाले आहेत, म्हणून लिहितोय.

बी जळतं? ग्लायफोसेट हे तणनाशक हिरव्या पानातून आत शिरतं आणि मुळापर्यंत उतरतं. मातीवर पडलं की मातीच्या कणांना घट्ट धरून बसतं. कवचात झोपलेल्या बियाला पानच नाही, तिथं ते काय करणार? पेरणीनंतर लगेच मारतो ते पेंडीमिथॅलीनसुद्धा उगवत्या कोंबाला मारतं, झोपलेल्या बियाला नाही. आणि ही झोप किती लांब असते! अमेरिकेत विल्यम बील यांनी १८७९ मध्ये बाटल्यांत घालून बी पुरून ठेवलं. २०२१ मध्ये त्यातली एक बाटली काढली, तर काही बी चक्क उगवलं. तिथं तीन वर्षांची काय कथा?

फवारणीनं जमिनीतल्या बियांचा साठा घटतो, पण फुलोऱ्याआधी तण मेलं आणि नवं बी पडलं नाही तरच. गाजरगवताचं एक झाड सुटलं तर हजारो बिया परत मातीत.

आता केना हे तण बघा. ग्लायफोसेटला तो सहज दाद देत नाही, शिवाय जमिनीखालीही बी धरतो. बाकीचं तण मेलं की मोकळं रान त्याचंच. कपाशीत आधी दहा तऱ्हेचं तण होतं, आता नुसता केना, असं सांगणारे शेतकरी मला भेटलेत.

डोस वाढवायचा सल्ला तर घातकच. पंजाब-हरियाणात गव्हातल्या गुल्ली-दंडा नावाच्या तणावर वर्षानुवर्षं आयसोप्रोट्युरॉन हे तणनाशक मारलं. १९९० च्या दशकात ते तण या औषधाला जुमानेना. जी झाडं वाचतात त्यांचंच बी पुढं पडतं.

मेसेजमधलं "नांगरटही नको" हे अर्धं खरं आहे. खोल नांगरटीनं जुनं बी वर येतं, पण उथळ पाळी हवीच.

पहिला पाऊस पडला की तण उगवू द्या, वखराची उथळ पाळी द्या, मग पेरा. धूळपेरणीवाल्यांना (पावसाआधी कोरड्यात पेरणाऱ्यांना) हे जमत नाही, त्यांनी कोळपणी, म्हणजे ओळींमधलं तण काढणं, लवकर धरावी. कच्चं शेणखत टाकू नका, त्यातूनही बी येतं. आणि बांधावरचं गाजरगवत फुलाआधी उपटा, हातमोजे घालून.