‘तापला म्हणून मंदावला’: रास्पबेरी पाय ४ वरील लेखाच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणक-बोर्डावर मी लिहिलेला लेख आपण बारकाईने वाचलात आणि त्यातल्या चुका स्पष्टपणे दाखवून दिल्यात, याबद्दल मनापासून आभार. लेख न वाचलेल्यांसाठी आपले म्हणणे थोडक्यात सांगतो. बोर्ड तापून मंदावल्याचा पुरावा म्हणून मी जो आकडा छापला, तो उष्णतेचा नसून अपुऱ्या विजेचा आहे. प्रोसेसरची गती आपोआप कमी होण्याला मी ‘बोर्डातला दोष’ म्हटले, ते अन्यायाचे आहे. पंख्याखालच्या खोलीत दहा मिनिटे केलेली चाचणी अकोल्याजवळ पत्र्याच्या पंपघरात हाच बोर्ड चालवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या उपयोगाची नाही. शिवाय, उत्पादक स्वतः हीटसिंक (चिपची उष्णता हवेत सोडणारा धातूचा तुकडा) न लावता बोर्ड विकतो, त्या अर्थी हीटसिंक हा वायफळ खर्च आहे. यांतला पहिला आणि तिसरा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, दुसरा अर्धा मान्य आहे आणि चौथा मान्य नाही.

पहिला आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण माझा सगळा लेख त्या एका आकड्यावर उभा होता. बोर्डाच्या फर्मवेअरला (बोर्डातच बसवलेल्या नियंत्रक प्रणालीला) थ्रॉटलिंगची, म्हणजे गती आपोआप कमी केली जाण्याची, स्थिती विचारली असता मला ‘शून्य-एक्स-५००००’ असे उत्तर मिळाले होते आणि ‘थ्रॉटलिंग झाले, म्हणजे बोर्ड तापला’ असा सरळ अर्थ मी लावला. ही संख्या षोडशमान (सोळाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीतली आहे, ‘शून्य-एक्स’ ही त्या पद्धतीची नुसती खूण. तिचा प्रत्येक अंक चार बिटांचा, म्हणजे चार ‘हो-नाही’ खुणांचा असतो. क्रमांक ० चा बिट सांगतो की व्होल्टेज या क्षणी कमी पडते आहे. क्रमांक १ चा बिट प्रोसेसरच्या गतीवर मर्यादा घातल्याचे, क्रमांक २ चा थ्रॉटलिंग चालू असल्याचे आणि क्रमांक ३ चा तापमानाची सौम्य मर्यादा ओलांडल्याचे सांगतो. क्रमांक १६ ते १९ या बिटांमध्ये याच चार प्रश्नांची उत्तरे पुन्हा असतात, मात्र ती ‘बोर्ड सुरू झाल्यापासून एकदा तरी असे घडले का’ या अर्थाने. उजवीकडून पाचव्या अंकात हेच चार बिट बसतात आणि त्यांची किंमत अनुक्रमे एक, दोन, चार आणि आठ असते. माझ्या आकड्यातला पाच म्हणजे चार अधिक एक, म्हणजेच १६ आणि १८ हे दोन बिट. व्होल्टेज कधीतरी कमी पडले होते आणि थ्रॉटलिंग कधीतरी झाले होते, इतकेच तो आकडा सांगत होता. तापमानाच्या मर्यादेचा १९ क्रमांकाचा बिट त्यात कोराच होता. वीज कमी पडली तरीही फर्मवेअर गती उतरवते, हे मला ठाऊक होते, पण लिहिताना मी त्याचा विचार केला नाही. कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) नोंदींमध्ये कमी व्होल्टेजचा इशारा स्वतंत्रपणे उमटलेला असतो. त्या मी उघडून पाहिल्या असत्या, तर लेख छापण्याआधीच चूक कळली असती.

आपली प्रतिक्रिया आल्यावर मी वीजपुरवठ्याकडे वळलो आणि तिथे कारण सापडले. बोर्ड ज्या केबलवर चालत होता ती एक मीटर लांबीची, मोबाइलसोबत आलेली बारीक केबल होती. अशा केबलीतल्या वीज वाहणाऱ्या तारा बहुधा २८ गेजच्या असतात (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक) आणि त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो. वीज एका तारेने जाते आणि दुसरीने परत येते, म्हणून एकूण रोध सुमारे ०.४३ ओहम झाला. बोर्डाने १.२ अँपिअर ओढले, तर केबलीतच अर्धा व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे चार्जरने ५.१ व्होल्ट प्रामाणिकपणे दिले तरी बोर्डापर्यंत ४.६ च्या खालीच पोचतात. आणि कमी व्होल्टेजचा इशारा ४.६३ व्होल्टच्या आसपास लागतो. २० गेजच्या तारेत याच हिशेबाने जेमतेम ०.०८ व्होल्टची घट होते. प्रोसेसर थंड असतानाही बोर्ड मंदावू शकतो, तो असा. आणि अशा वेळी कितीही मोठा हीटसिंक लावला तरी काडीचा फरक पडत नाही.

आपण विचारलेल्या आणखी एका प्रश्नाचे उत्तर इथेच देणे योग्य ठरेल. माझ्या आलेखात प्रोसेसरची गती सुरुवातीपासून शेवटपर्यंत १.५ गिगाहर्ट्झवर सपाट दिसते, मग तेच काम शेवटी जास्त वेळ का घेत होते? ती गती मी कर्नलच्या फाइलीतून वाचली होती. त्या फाइलीत कर्नलने मागितलेली गती असते, तर या बोर्डावर गतीला कात्री लावण्याचे काम फर्मवेअर करते आणि तसे ते कर्नलला कळवत नाही. खरी गती हवी असेल, तर फर्मवेअरलाच ती मोजून सांगायला लावावे लागते. तो आलेख मी लेखातून काढून टाकला आहे.

त्यानंतर मी चाचणी पुन्हा केली. या वेळी जाड तारेचा ५.१ व्होल्टचा पुरवठा, तोच बंद प्लास्टिकचा केस (बोर्डाचे कवच) आणि प्रोसेसरच्या चारही कोअरवर (गणन-भागांवर) सलग भार, अशी मांडणी होती. अर्धा तास उलटल्यावर मिळालेले उत्तर होते ‘शून्य-एक्स-ई००००’. षोडशमान पद्धतीत ई म्हणजे चौदा, म्हणजेच आठ, चार आणि दोन यांची बेरीज. या खेपेस व्होल्टेजचा बिट कोरा होता, आणि गतीची मर्यादा, थ्रॉटलिंग व तापमानाची मर्यादा हे तिन्ही बिट उमटले होते. बंद केसात हा बोर्ड तापून मंदावतो हे माझे म्हणणे खरे निघाले, परंतु लेखात दिलेल्या पुराव्यावरून ते म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. दुसरे असे की, १६ ते १९ हे बिट एकदा उमटले की बोर्ड पुन्हा सुरू करेपर्यंत पुसले जात नाहीत. सुरुवातीला यूएसबी डिस्क फिरू लागताना क्षणभर व्होल्टेज घसरले, तरी तो डाग दिवसभर राहतो. त्यामुळे शेवटी एकदा आकडा वाचणे पुरेसे नाही. तापमान, मोजलेली गती आणि हा आकडा ठरावीक अंतराने वेळेसह नोंदवत गेले, तरच कोणत्या घटनेमागून कोणती घटना आली हे कळते.

आता ‘दोष’ या शब्दाविषयी. शब्द चुकला, हे मान्य. तापमान ८० अंशांपुढे गेले की फर्मवेअर प्रोसेसरची गती टप्प्याटप्प्याने उतरवते आणि ८५ अंशांना पोचल्यावर ग्राफिक्सच्या भागालाही आवरते. चिप शाबूत राहावी म्हणून मुद्दाम केलेली ही योजना आहे आणि तिच्यामागचे गणित सुंदर आहे. चिपमध्ये कामापोटी खर्च होणारी वीज गतीच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, गती १.५ वरून १.० गिगाहर्ट्झवर आणली आणि तिच्यासोबत व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरवता आले, तर गती एक तृतीयांशाने घटते, पण त्या भागाचा वीजखर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. थोडा वेग सोडून पुष्कळशी उष्णता टाळण्याचा हा सौदा आहे.

तरीही आपले पुढचे वाक्य, ‘योजनाच तशी असेल तर तक्रार कसली’, मला पटत नाही. बोर्ड विकत घेणारा माणूस खोक्यावरचे १.५ गिगाहर्ट्झ वाचून पैसे मोजतो आणि ती गती तासन्तास मिळेल असे धरून चालतो. ती कोणत्या परिस्थितीत किती वेळ टिकते, हे सांगितल्याशिवाय हार्डवेअरचे वर्णन पूर्ण होत नाही. आपण उल्लेख केलेला रास्पबेरी पायचाच जुना ३बी प्लस बोर्ड याचे चांगले उदाहरण आहे. तो ६० अंशांनाच मंदावतो म्हणून आपण त्याचा तापमापक बिघडला असावा असे धरलेत, पण तापमापक ठीक असावा. २०१८ साली आलेल्या त्या बोर्डात ६० अंशांची सौम्य मर्यादा मुद्दाम ठेवलेली आहे. ती ओलांडली की गती १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर येते, जेणेकरून ८० अंशांची वेळ लवकर येऊ नये. कॉन्फिग फाइलमध्ये (बोर्डाच्या मांडणीच्या फाइलीत) ही मर्यादा ७० अंशांपर्यंत वाढवता येते. एखाद्याला हे माहीत नसेल, तर तो चांगला बोर्ड अडगळीत टाकेल.

तिसऱ्या आक्षेपाबद्दल मी आपला विशेष ऋणी आहे. चिपचे तापमान हा एकटा आकडा अपुरा असतो. भोवतालच्या हवेपेक्षा चिप किती अंश वर गेली, हा फरक खरा कामाचा. भार, केस आणि हवेचा झोत तेच राहिले, तर हा फरक ढोबळमानाने तेवढाच राहतो. माझ्या खोलीत हवा २७ अंशांवर असताना उघड्या बोर्डाची चिप ६६ अंशांवर स्थिरावली, म्हणजे फरक ३९ अंशांचा झाला. तोच बोर्ड ४४ अंशांच्या हवेत ठेवला, तर चिप ८३ अंशांकडे जाऊ पाहणार, म्हणजे पुण्यातल्या खोलीत निर्धास्त चालणारा बोर्ड वऱ्हाडातल्या वैशाखात गती सोडणार. हिशेब तंतोतंत सरळ रेषेत जात नाही, कारण तापलेल्या चिपमधून गळणारी वीज वाढते आणि फरक थोडा रुंदावतो. पण निर्णय घेण्यापुरता तो पक्का आहे. मी मात्र लेखात खोलीचे तापमानच दिले नव्हते. ते नसताना ‘६६ अंश’ हा आकडा आपल्यासाठी निरर्थक होता.

दहा मिनिटांचेही तसेच. ॲल्युमिनियमचा जड केस सुरुवातीला स्वतः उष्णता पोटात घेतो, त्यामुळे पहिली दहा-पंधरा मिनिटे चिप छान थंड दिसते. अखेर ती कुठे स्थिरावेल, हे धातूच्या वजनावर ठरत नाही. पृष्ठभाग किती आहे आणि त्यावरून हवा किती वाहते यावर ते ठरते. तापमानाची रेषा आडवी होईपर्यंत चाचणी थांबवू नये, हा नियम मला पाळायला हवा होता.

आपल्या पंपघराबाबत मला एक वेगळीच काळजी वाटते आणि ती थ्रॉटलिंगपेक्षा मोठी आहे. पाय ४ साठी उत्पादकाने भोवतालच्या हवेची मर्यादा ५० अंश सांगितली आहे. बोर्डाच्या दृष्टीने भोवतालची हवा म्हणजे गावाच्या हवामानाचा आकडा नव्हे, तर त्याच्या पेटीच्या आतली हवा. बाहेर ४४ अंश असताना पत्र्याखालच्या बंद पेटीत ५० अंश सहज ओलांडले जातील. प्रोसेसर स्वतःला सावरून घेईल, पण बोर्डावरच्या बाकीच्या सुट्या भागांना गती कमी करून वाचण्याची सोय नाही. म्हणून डीएस १८बी२० हा स्वस्त डिजिटल तापमापक पेटीच्या आत, बोर्डापासून जरा दूर बसवावा आणि त्याचा आकडा चिपच्या तापमानाशेजारी नोंदवावा. पेटी पश्चिमेच्या भिंतीवर असेल, तर ती आधी हलवावी.

शेवटचा आक्षेप हीटसिंकचा. बोर्डासोबत उत्पादक तो देत नाही, हे खरे आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. या बोर्डांचा क्रम पाहिला, तर उष्णतेची दखल दर पिढीत वाढत गेलेली दिसते. २०१६ च्या ३बी वर चिप साधी होती. ३बी प्लसच्या चिपला उष्णता पसरवणारे धातूचे आवरण आले. २०१९ चा पाय ४ सुरुवातीला बराच तापत असे आणि त्याच वर्षी फर्मवेअर बदलून, विशेषतः यूएसबी नियंत्रक चिपची वीजबचत सुरू करून, त्याची उष्णता कमी करण्यात आली. २०२३ च्या पाय ५ वर तर पंख्यासाठी स्वतंत्र जोडणी आहे आणि उत्पादकाचा स्वतःचा पंखा व हीटसिंक वेगळा विकत मिळतो. अधूनमधून काम करणाऱ्या बोर्डाला हीटसिंक लागत नाही, इथवर मी आपल्याशी सहमत आहे. सलग भार आणि बंद पेटी असेल, तर तो लागतो. मात्र हवा कोंडलेल्या पेटीत हीटसिंक लावणे म्हणजे उष्णता चिपवरून उचलून पेटीतच ठेवणे. म्हणून पेटीला खाली आणि वर भोके आधी, हीटसिंक त्यानंतर. बोर्ड आडवा न ठेवता उभा बसवला, तर तापलेली हवा दोन्ही अंगांनी वर निघून जाते आणि तेवढ्यानेही फरक पडतो, तोही फुकटात.

आपले काम दर मिनिटाला पाण्याची पातळी आणि मोटरचा प्रवाह नोंदवण्याचे आहे. त्यासाठी १.५ गिगाहर्ट्झची गरज नाही. मार्च ते जून प्रोसेसरची कमाल गती कॉन्फिग फाइलमध्येच १.० गिगाहर्ट्झवर बांधून टाकावी, असे मी सुचवेन. गती कधी उतरेल याची वाट पाहण्यापेक्षा ती आधीच ठरलेली असणे नोंदणीच्या कामाला बरे. केबल मात्र आजच बदलावी आणि बदलल्यावर बोर्ड पुन्हा सुरू करून बिट कोरे झाल्याची खात्री करून घ्यावी.

मूळ लेखात मी खोलीचे तापमान, केसाचा प्रकार, वीजपुरवठा, फर्मवेअरची तारीख आणि चाचणीचा पूर्ण कालावधी आता घातला आहे. जुना आकडा खोडून ठेवला आहे, पुसलेला नाही, म्हणजे आपली प्रतिक्रिया कशाविषयी होती हे नंतर येणाऱ्यांना कळेल. पेटीतल्या हवेचे आणि चिपचे तापमान, मोजलेली गती आणि थ्रॉटलिंगचा आकडा अशा चार रकान्यांची आपली मे महिन्यातली नोंद मला पाठवलीत, तर ती आपल्या संमतीने लेखात जोडेन.