ब्लड आर्टिस्ट आधी का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा थोडा राग आला. दुसऱ्यांदा लक्षात आलं की तुम्ही बोट बरोबर जागी ठेवलंय, निष्कर्ष तेवढा उलटा काढलाय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातल्या ट्रिगरांवर (ठरावीक घटना घडली की आपोआप होणारे परिणाम) लिहिताना मी म्हटलं होतं की घटना घडली की ट्रिगर 'लगेच' स्टॅकवर जातो (स्टॅक म्हणजे सुटायची वाट बघणाऱ्या गोष्टींची चळत; शेवटी आलेली आधी सुटते). तुमचं म्हणणं असं, की विलेज राइट्स (दोन पत्ते ओढू देणारं स्पेल, म्हणजे मंत्राचा पत्ता) टाकताना आपलं एक क्रीचर (टेबलावरचा प्राणी) सॅक करावं, म्हणजे बळी द्यावं लागतं, ती त्याची किंमत आहे. किंमत आधी भरायची, स्पेल कास्ट होणार नंतर. मग क्रीचर मेल्यामेल्या ब्लड आर्टिस्टचा (क्रीचर मेलं की एका खेळाडूचा एक लाइफ घेणारं क्रीचर; लाइफ संपले की खेळाडू हरतो) ट्रिगर स्टॅकवर गेला असेल तर तो विलेज राइट्सच्या खाली असायला हवा. म्हणजे दोन पत्ते आधी ओढायचे, समोरच्याचा एक लाइफ नंतर जाणार. आणि शेवटी दुसऱ्या एका पत्त्यांच्या खेळाचं नाव घेऊन टोमणा: 'ही नुसती वकिली आहे, यु-गि-ओमध्ये असलं काही नसतं.'

'लगेच' हा शब्द चुकला, मान्य. लेखात दुरुस्त करतोय. पण तुमचा क्रमही चुकलाय, आणि तो जवळजवळ सगळ्यांचाच चुकतो. आपल्या डोक्यात दुकानाचा हिशेब असतो: आधी पैसे, मग माल. मॅजिकमध्ये माल आधी काउंटरवर येतो. स्पेल कास्ट करायला घेतलं की पहिली पायरी म्हणजे पत्ता हातातून स्टॅकवर ठेवणं. मग मोड, टार्गेट वगैरे निवडायचं, एकूण किंमत ठरवायची, लँड टॅप करून, म्हणजे जमिनीचा पत्ता आडवा करून, माना (किंमत भरायची शक्ती) काढायचा (माना देणाऱ्या अ‍ॅबिलिटी स्टॅकवर जातच नाहीत, त्यामुळे त्यांना कोणी अडवू शकत नाही) आणि सगळ्यात शेवटी किंमत भरायची. ती भरली की स्पेल 'कास्ट झालं'. तेव्हा क्रीचर मरतं त्या क्षणी विलेज राइट्स स्टॅकवर बसलेलंच असतं. उतरंडीत तळाची घागर आधीच मांडलेली आहे. नंतर येईल ते तिच्या वरच चढणार आणि वरूनच उतरणार. ब्लड आर्टिस्ट आधी, पत्ते नंतर.

आता माझी चूक. क्रीचर मेलं की ट्रिगर 'होतो', पण स्टॅकवर जात नाही. तो थांबून राहतो. कास्टिंगच्या या पायऱ्या चालू असताना कोणाकडेच प्रायॉरिटी, म्हणजे काही खेळायची संधी, नसते. पुढे कोणाला तरी प्रायॉरिटी मिळायची वेळ आली की आधी शून्य लाइफचा खेळाडू, जीवघेणं डॅमेज झालेलं क्रीचर अशा गोष्टी निकालात निघतात आणि मग थांबलेले ट्रिगर स्टॅकवर चढतात.

तुम्ही म्हणाल, शेवटी ट्रिगर वरच जाणार असेल तर थांबला काय आणि नाही काय? टेबलावर यंग पायरोमॅन्सर हे क्रीचरही ठेवा, मग फरक दिसेल. तुम्ही इन्स्टंट किंवा सॉर्सरी (स्पेलचे दोन प्रकार; विलेज राइट्स इन्स्टंट आहे) कास्ट केली की तो 1/1 एलिमेंटल टोकन, म्हणजे एक छोटं जादा क्रीचर, देतो. ब्लड आर्टिस्ट किंमत भरताना ट्रिगर झाला, पायरोमॅन्सर त्यानंतर, स्पेल कास्ट झाल्यावर. माझ्या 'लगेच'प्रमाणे ब्लड आर्टिस्ट कायम खाली अडकला असता. प्रत्यक्षात दोघंही एकत्र थांबलेले असतात, दोन्ही तुमचेच, म्हणून कोणाला वर ठेवायचं ते तुम्ही ठरवता.

ट्रिगर दोन्ही बाजूंचे असतील तर ज्याचा टर्न चालू आहे त्याचे आधी चढतात, समोरच्याचे त्यांच्यावर. म्हणून दोघांकडे ब्लड आर्टिस्ट, दोघंही 1 लाइफवर आणि तुमच्या टर्नमध्ये कुठलंही क्रीचर मेलं, तर हरता तुम्ही. समोरच्याचा ट्रिगर आधी सुटतो आणि तुमच्या ट्रिगरची पाळी येतच नाही. मी असा एक डाव घालवलाय, तोही स्वतःच्याच क्रीचरला सॅक करून. तेव्हापासून आधी लाइफची पाटी बघतो, मग पत्ता टाकतो.

यु-गि-ओबद्दल मात्र तुमच्याशी अजिबात सहमत नाही. तिथली शिस्त जास्त कडक आहे. एकदा चेन (तिथला स्टॅक) सुटायला लागली की शेवटपर्यंत मध्ये कोणाला काही घालता येत नाही. मॅजिकमध्ये स्टॅकवरची एक गोष्ट सुटली की पुन्हा प्रायॉरिटी मिळते. आणि 'व्हेन' व 'यू कॅन' असं लिहिलेला ऐच्छिक इफेक्ट, ती घटना सगळ्यात शेवटी घडलेली नसेल तर हुकतो. 'इफ' लिहिलं असेल तर हुकत नाही. एका शब्दावर डाव फिरतो. वकिली म्हणायची तर ती तिथे म्हणा.

तुमच्या दादाने 'डॅमेज स्टॅकवर असतं' असं शिकवलं होतं, त्यात त्याचा दोष नाही. 1999 मध्ये सहाव्या एडिशनच्या नियमांबरोबर स्टॅक आला, इंटरप्ट हा स्पेलचा जुना प्रकार गेला आणि लढाईतलं डॅमेजही स्टॅकवर जाऊ लागलं. तेव्हा मॉग फॅनॅटिक (स्वतः सॅक होऊन एक डॅमेज देणारं क्रीचर) लढाईत एक डॅमेज द्यायचा आणि ते स्टॅकवर असतानाच स्वतः सॅक होऊन आणखी एक. 2009 च्या उन्हाळ्यात मॅजिक 2010 चे नियम लागू झाले, लढाईतलं डॅमेज स्टॅकवर जाणं थांबलं आणि हा दुहेरी फायदा बंद झाला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: पायरोमॅन्सरने दिलेलं टोकन त्याच विलेज राइट्ससाठी सॅक करता येईल का? नाही, कारण किंमत भरून झाल्याशिवाय पायरोमॅन्सर ट्रिगरच होत नाही. पण हातात दुसरं विलेज राइट्स असेल तर पायरोमॅन्सरचा ट्रिगर सुटू द्या. पहिलं अजून स्टॅकवरच आहे. प्रायॉरिटी परत तुमच्याकडे येते, तेव्हा ते नवंकोरं टोकन सॅक करून दुसरं कास्ट करा. दुसऱ्याचे पत्ते पहिल्याच्या आधी हातात येतील, आणि ब्लड आर्टिस्ट आणखी एक लाइफ घेईल.